कोट घातला, कोट काढला

आकारामतात्या यमगरांना जगात एकाच गोष्टीची पक्की खात्री होती. आपल्याला कोणी फसवू शकत नाही. एस.टी.त तिकीट तपासनीस म्हणून त्यांनी जन्म काढला होता. मधल्याच फाट्यावर गाडीला हात करायचा, मागच्या दाराने चढायचं आणि सगळ्या गाडीचं तोंड उतरवायचं, हे त्यांचं काम.

"खिशाकडं बघायचंच न्हाई," ते सांगत. "कानाकडं बघायचं. तोंड खोटं बोलतं, डोळं खोटं बोलत्यात, पण कानाला खोटं बोलायला येत न्हाई. कान लाल झालं की समजायचं, गडी बिनतिकिटाचा हाय."

नोकरी संपली, पण नजर कुठे जमा करून घेतात? ती त्यांनी रहिमतपूरला घरी आणली. आता तपासायला गाडी नव्हती म्हणून ते आळी तपासत. कुणाकडे पाहुणा आला तर तो चप्पल काढायच्या आत तात्यांना त्याचं गाव ठाऊक असे. दूधवाला कुणाच्या दारात जास्त वेळ थांबतो, कुणाच्या घरी कुकरच्या शिट्ट्या वाढल्या, याची त्यांना बरोबर माहिती. हे सगळं धोंडुबाई होत्या तोवर जरा आटोक्यात होतं. "आवं, लोकांच्या शिट्ट्या कशाला मोजताय, आपला भात करपला," असं म्हणून त्या त्यांना आत बोलवत. धोंडुबाईंना जाऊन आता वर्ष होत आलं होतं. आत बोलवणारं कोणी उरलं नव्हतं. तात्या बाहेरच्या ओट्यावरच असत.

समोरच्या घरात पीरमहंमद मुलाणी राहत. एकाच डेपोतले, हे चेकर आणि ते ड्रायव्हर. धोंडुबाईंचं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पीरभाईंच्या बायकोने, ताहेरावहिनींनी, समोरून हाक मारली, "भावजी, चहा ठेवलाय." तात्या गेले. मग रोजच गेले. पुढे हाक मारायची गरज राहिली नाही. पीरभाई मशिदीतून आले की हे चप्पल सरकवायचे. दाराच्या डाव्या हाताची खुर्ची त्यांचीच झाली होती. तिच्यावर मांजर जरी बसलं तरी वहिनी त्याला हाकलत.

आणि एक दिवस ते दार बंद दिसलं.

तात्यांना वाटलं, वारा असेल. वारा नव्हता. त्यांनी कडी वाजवली. ताहेरावहिनींनी दार उघडलं, पण एका माणसाला आडवं उभं राहून आत जाता येईल एवढंच. हातात चहाचा कप.

"घ्या भावजी. त्यांना जरा काम हाय आज."

"काय काम?"

"आसंच, घरातलं."

तात्यांनी दारात उभ्या-उभ्या चहा प्यायला. दारातला चहा म्हणजे स्टँडच्या बाहेर उतरवलेला प्रवासी. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी कप त्यांच्या ओट्यावर आला आणि वहिनी लगबगीने परत गेल्या. जाताना त्यांनी पदर कानावरून घेतला होता. तात्यांनी हे बरोबर टिपलं. कान झाकला होता.

मग मात्र ते माडीवर गेले. माडीच्या खिडकीतून पीरभाईंची पुढची खोली दिसायची. काच लावलेली होती, आवाज नीट येत नव्हता, पण दिसत सगळं होतं.

पीरभाई खोलीच्या मध्ये उभे होते. समोर स्टुलावर डबे रचून त्यांना टेकून मोबाईल उभा केला होता. पीरभाईंनी खुंटीवरचा कोट घेतला. अंगात घातला. मोबाईलसमोर उभे राहिले. कोट काढला. पुन्हा घातला. पुन्हा काढला. उन्हाळ्याचे दिवस. मग कोपऱ्यातली पेटी उचलली, मोबाईलला दाखवली, खाली ठेवली. वहिनींनी कपाटातून तांब्याची घागर बाहेर काढली, दाखवली, आत ठेवली. चटई गुंडाळली. रजईची घडी केली. दिवा लावला, मालवला, लावला. मोबाईलमधून कुणा बाईचा आवाज येत होता, आणि ती काही बोलली की हे दोघं मान डोलवून पुढची वस्तू धरत होते.

तात्या खिडकीपासून मागे झाले आणि पलंगावर बसले.

आधी वाटलं, पीरभाईला खूळ लागलं. पण दोघांना एकदम कसं लागेल? खूळ काय जोडीने मिळतं? मग त्यांना आठवलं, हल्ली लोक जुनं सामान मोबाईलवर विकतात. फोटो दाखवायचा, गिऱ्हाईक तिकडून बघतं. हां. म्हणजे कोट विकायला काढला. पेटी विकायला काढली. घागरसुद्धा, आणि ती तर वहिनींच्या माहेरची. दिवा चालू आहे की बंद, हेही गिऱ्हाईक तपासून घेतंय.

माणूस घरातलं सामान कधी विकतो? घर सोडताना. आणि जायला ठिकाण तयारच होतं. पीरभाईंचा मुलगा तौसीफ सांगलीला विश्रामबागेत राहायचा. मोठा फ्लॅट होता, लिफ्ट होती, शाळेत शिकवणारी सून होती. तो कधीपासून म्हणत होता, तिकडे चला.

सगळं जुळलं. तात्या उठून पुन्हा खिडकीशी गेले. त्या खोलीतल्या डाव्या हाताच्या खुर्चीवर त्यांची नजर गेली. अजून ती दाखवली नव्हती.

सकाळी त्यांनी पीरभाईंना चौकात गाठलं. पीरभाई एकटेच चालले होते आणि त्यांचे ओठ हलत होते.

"काय रं पीरभाई, सांगलीला जाणार हाईस म्हणं?"

पीरभाई दचकले. "कोण म्हणालं?"

"मी इचारतोय."

"जाऊ की कवातरी. पोरगा हाय, जायला नको व्हय?"

"आन् संध्याकाळी दार लावून काय करतोस?"

"काय न्हाई गड्या. आसंच."

तात्यांनी कान बघितले. डाळिंबाच्या दाण्यासारखे.

ही गोष्ट तात्यांनी फक्त हरिबाला सांगितली. हरिबाचं किराणा दुकान. त्याला सांगताना त्यांनी बजावलं, "कुणाला बोलू नगंस." हरिबा कुणाला बोलला नाही. पाव किलो साखर बांधताना तो फक्त उसासा टाकायचा आणि म्हणायचा, "मुलाणी चालले." साखर आळीतल्या प्रत्येक घरात लागते.

पहिला आला गुंडा. जागा-घरांची दलाली करणारा हा गडी. कुणाच्या घरात भांडण झालं की हा बाहेर वाटणीची वाट बघत उभा. तो कोरेगावच्या एका पार्टीला आणि मोजायच्या टेपला घेऊन पीरभाईंच्या दारात हजर झाला. पीरभाई घरात नव्हते. टेप बघितल्यावर ताहेरावहिनींची समजूत झाली की हे नगरपालिकेचे लोक, घरपट्टी वाढवायला आलेत. त्यांनी त्यांना मोठ्या आदराने आत घेतलं. तात्या ओट्यावरून ऐकत होते.

"या, बगा तुमीच," वहिनी सांगत होत्या. "ही भिंत हाय न्हवं, हिला हात लावू नगा, पडंल. पावसाळ्यात हितं बादली, तितं बादली. मागल्या खोलीत तर आमी जातच न्हाई. लय वाळवी हाय. ह्या घराला घर म्हणायचं का, सांगा तुमीच."

पार्टीने चहासुद्धा घेतला नाही. गुंडा रागारागाने तात्यांकडे आला.

"तात्या, त्यांना घर इकायचंय का पाडायचंय?"

"का रं?"

"आवं, पार्टी पळाली माजी. घर इकणारा आसं बोलतो व्हय?"

तात्या विचारात पडले. मग त्यांचा संशय आणखी घट्ट झाला. म्हणजे घर आधीच कुणाला तरी दिलंय. म्हणूनच दुसऱ्या गिऱ्हाइकाला हाकलतात. त्यांनी हे हरिबाला सांगितलं.

मग आळीतले लोक उसनं परत करायला लागले. कुणाचं देणं अंगावर ठेवून माणसाला गावाबाहेर जाऊ द्यायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. शिडी आली. मोठं पातेलं आलं. कुणी खलबत्ता आणला, कुणी चाळण. आंब्याच्या लोणच्याची बरणी आली ती रिकामी परत देऊ नये म्हणून आत चिंच भरून. ताहेरावहिनींच्या ओट्यावर बाजार भरल्यासारखं झालं. माजी नगरसेवक लालासाहेबांची बायको येऊन, पलंग वितीने मोजून गेली.

पीरभाईंचा चेहरा दिवसेंदिवस उतरत होता. तात्यांना वाटलं, पाय निघत नसेल बिचाऱ्याचा. मग एका सकाळी पीरभाई कागदांची पिशवी छातीशी धरून साताऱ्याच्या गाडीत बसले. तात्यांनी ओट्यावरून बघितलं आणि ओळखलं. खरेदीपत्राची नोंदणी. झालं. संपलं.

त्या संध्याकाळी कप आला नाही. तात्यांनी स्वतः चहा केला. केला तो दोघांचा झाला. एक कप प्यायले आणि दुसरा तसाच ठेवला.

लालासाहेबांना भाषणाची हौस मोठी. निवडणूक हरल्यापासून संधी मिळाली नव्हती. त्यांनी ठरवलं की मुलाण्यांना असं गुपचूप जाऊ द्यायचं नाही, शाल-श्रीफळ देऊन निरोप द्यायचा. दोघं नको म्हणतील, तेव्हा सांगायचंच नाही, सरळ घरात शिरायचं. शाल कुणी द्यायची, यावर चर्चा झाली नाही. सगळ्यांनी तात्यांकडे बघितलं.

रविवारी संध्याकाळी सगळी आळी पीरभाईंच्या दारात जमली. पुढे तात्या, हातात शाल. त्यांच्यामागे नारळ घेतलेला हरिबा, मग लालासाहेब, मग बायका, मग गुंडा, अजून आशा न सोडलेला. तात्यांनी कडी वाजवली नाही. दार ढकललं.

आत पीरभाई खोलीच्या मधोमध उभे होते. कोटाची एक बाही घातलेली, दुसरी लोंबत. डोक्यावर पेटी. हातात बंद पडलेला कंदील. मोबाईलमध्ये त्यांच्या सुनेचं, अर्शियाचं तोंड दिसत होतं.

"अब्बा, पुट इट डाऊन," ती सांगत होती. "पुट इट डाऊन म्हणजे खाली ठेवा."

पीरभाईंनी काहीच ठेवलं नाही. ते दाराकडे बघत राहिले. लालासाहेबांनी घसा साफ केला.

"बंधूंनो आणि भगिनींनो. पीरमहंमदभाई म्हणजे माणूस नव्हता, सावली होती. त्यांनी कधी कुणाला दुखावलं नाही. त्यांच्या गाडीत बसलेला प्रवासी कधी रडत उतरला नाही. आज ते आपल्याला सोडून—"

"थांबा," पीरभाई म्हणाले. पेटी खाली ठेवून ते तिच्यावरच बसले. तोंड पांढरं पडलं होतं. "लालासाहेब, आता लपवू नगा. मला काय झालंय?"

"काय झालंय म्हणजे?"

"महिनाभर बगतोय. न्हावी दाढी करताना डोळ्यात पाणी आणतोय. लोक उसनं परत द्यायला लागल्यात. तुमची बायको माजा पलंग मोजून गेली. परवा साताऱ्याला जाऊन सगळ्या तपासण्या करून आलो, डॉक्टर म्हणतोय कायबी न्हाई. तो खोटं बोलतोय का तुमी?"

ताहेरावहिनींनी भिंतीला हात टेकला, पडणार म्हणून सांगितलेल्या त्याच भिंतीला.

"आवं, तुमी सांगलीला चाललाय न्हवं?" हरिबा म्हणाला.

"कोण सांगलीला?"

"तुमी. घर इकून."

"घर कुणी इकलं?"

हरिबाने तात्यांकडे बघितलं. गुंडाने तात्यांकडे बघितलं. बघता बघता सगळी आळी तात्यांकडे बघायला लागली. तात्यांनी शाल एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"मी माडीवरनं बगितलं," ते म्हणाले. "सामान दावत हुता तुमी. कोट, पेटी, घागर. मोबाईलवर इकायला."

मोबाईलमधून अर्शिया हसली. हसू आवरता येईना तशी ती पडद्याबाहेर गेली, मग पुन्हा आली. "काका, तो माझा क्लास आहे. इंग्रजीचा."

मग तिनेच सगळं सांगितलं. ती मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायचे व्हिडिओ करत होती. इंग्रजी क्रियापदांच्या मागे एक बारका शब्द लागतो आणि अर्थ कुठच्या कुठे जातो. ते पाठ करून राहत नाही, हाताने करून राहतं, असं तिचं म्हणणं. म्हणून ती बोलेल ते लगेच करून दाखवायचं. पण कॅमेऱ्यासमोर धडपडायला कोणी मोठं माणूस तयार होईना.

"आन् तिला बिलकूल काय न येणारा माणूस पायजे हुता," पीरभाई म्हणाले. "आमी दोघं घरातच तयार."

"पर ही भानगड हाय काय?" गुंडाने विचारलं. "बारका शब्द काय करतो?"

पीरभाईंच्या तोंडावर रंग परत आला. हे त्यांच्या अखत्यारीतलं होतं. "हे बग. गाडी एकच आसती. कोरेगावची पाटी लावली की कोरेगावला जाती, विट्याची लावली की विट्याला. गाडी तीच, चाकं तीच, ड्रायव्हर तोच. पाटी बदलली की गाव बदललं. तसं हे 'पुट'. ह्याला 'ऑन'ची पाटी लावली की कोट घालायचा. 'डाऊन'ची लावली की पेटी खाली. 'अवे'ची लावली की घागर कपाटात. आन् 'ऑफ'ची लावली की आजचं काम उद्यावर."

"मग कोट काढायचा झाल्यास पुट ऑफ?"

"न्हाई ना. तितं गाडीच बदलायची. टेक ऑफ. आन् इमान उडालं की तेबी टेक ऑफ."

"म्हंजे कोट काढला तरी तेच, इमान उडालं तरी तेच?"

"व्हय."

"ह्यात काय ताळमेळ हाय?"

"मीबी हेच इचारलं. अर्शिया म्हणती, ताळमेळ शोधू नका, सवय करा. घाटात वळण का आलं म्हणून ड्रायव्हर इचारतो व्हय? स्टेअरिंग फिरवायचं."

आळीला हे पटलं. पण तात्यांना पटत नव्हतं. हळूहळू त्यांचा जुना आवाज परत येत होता.

"सगळं खरं. पर मग दार का लावलं? माज्यापासनं काय लपवायचं?"

पीरभाई जरा वेळ कोटाच्या बटणाशी खेळत राहिले. "हरिबानं पेटी शिकायला घेतली हुती, वाजवायची. आठवतंय? तू ओट्यावर बसून रोज ओरडायचास, हरिबा, मांजर दारात सापडलंय, सोडव त्याला."

हरिबा खाली बघत होता. "इकली मी ती," तो म्हणाला.

"मला वाटलं," पीरभाई म्हणाले, "ह्या वयात एबीसीडी करतोय म्हणल्यावर तू माजं गाणं करून गावभर फिरवशील. जरा बोलायला आल्यावर सांगू म्हणलं." मग त्यांनी मान वर केली. "पर आकाराम, तुला कशाला एवढी पंचाईत? गेलो आसतो सांगलीला, तर गेलो आसतो. तू माडीवर बसून पहारा का करावास?"

तात्यांनी शालीची घडी मोडली, पुन्हा घातली. सबंध आळी ऐकत होती, पण आता मागच्या दाराने उतरून जाता येणार नव्हतं.

"संध्याकाळी चहा कुठं प्यायचा मग?"

"चहा काय, घरात करता येतो की तुला."

"येतो. पर दोघांचाच हुतो."

लालासाहेबांनी भाषणाचा कागद खिशात घातला. ताहेरावहिनी आत गेल्या आणि स्टोव्हवर मोठं पातेलं चढलं, नुकतंच परत आलेलं. शाल शेवटी लालासाहेबांनी पीरभाईंच्या अंगावर घातली. आणलेली शाल परत न्यायची नसते. पीरभाईंनी कोटाची लोंबती बाही तशीच ठेवून ती घेतली. चहा झाल्यावर जो तो आपापली शिडी, चाळण, खलबत्ता पुन्हा उसना घेऊन घरी गेला. चिंच मात्र ताहेरावहिनींनी ठेवून घेतली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दार उघडं होतं. तात्या डाव्या हाताच्या खुर्चीवर बसले तर मोबाईल त्यांच्याच तोंडाकडे होता.

"काका, तुम्ही हवेच होता," अर्शिया म्हणाली. "दोघांत सगळं दाखवता येत नाही. कुणीतरी यायला पाहिजे, जायला पाहिजे, हाकलायला पाहिजे."

"हाकलायला?"

"गेट आऊट. अब्बा तुम्हाला दाराबाहेर काढतील. मग कम बॅक. मग तुम्ही परत यायचं."

तात्यांनी आयुष्यात शेकडो माणसं गाडीतून खाली उतरवली होती. त्यांना स्वतःला त्या संध्याकाळी पीरभाईंनी सारखं दाराबाहेर काढलं, कारण अर्शियाला पीरभाईंचा आवाज पुरेसा कडक वाटत नव्हता. समोरच्या ओट्यावर बायका जमल्या. तात्या घामाघूम होऊन खुर्चीवर बसले.

"आता बसूनच करायचे," अर्शिया म्हणाली. "ड्रॉप इन. म्हणजे न सांगता, न विचारता कुणाच्या घरी जाणं."

"हे आकारामला येतंय," पीरभाई म्हणाले. "फुडचं सांग."

"पुट अप विथ. दोन-दोन पाट्या आहेत याला. म्हणजे समोरचा माणूस कितीही तापदायक असला तरी त्याला सांभाळून घेणं."

ताहेरावहिनी तात्यांच्या कपात चहा ओतत होत्या. इतके दिवस त्यांनी मोबाईलसमोर घागरी काढल्या, रजयांच्या घड्या केल्या, पण तोंडातून एक इंग्रजी अक्षर काढलं नव्हतं. त्यांनी गाळणं झटकलं, तात्यांकडे बोट केलं आणि स्वच्छ आवाजात म्हणाल्या,

"पुट अप विथ."

"वा अम्मी," अर्शिया म्हणाली. "एकदम बरोबर. पण रेकॉर्डिंग चालू नव्हतं. परत एकदा म्हणा, जरा मोठ्याने. आणि काका, तुम्ही तसेच बसून राहा, हलू नका."